अधिकचा इसम

घरातल्या बहुतेक बिघाडांना वाणी असते. पंखा बिघडला की कुरकुरतो, दाराची बिजागरी गंजली की येणाऱ्याजाणाऱ्यापाशी आपली कैफियत मांडते, आणि नळ नादुरुस्त झाला तर सर्वत्र निजानीज झाल्यावर तो टपटपू लागतो व घरधन्याची झोप मोडून आपल्याकडे लक्ष पुरवून घेतो. प्रेशर कुकरची तर गोष्टच सोडा. या तक्रारखोर मंडळींत संडासाच्या फ्लशची टाकी तेवढी अशी निघाली आहे, की जिच्या अंतर्यामी महिनोन्महिने गळती चालू असते आणि जिच्या शुभ्र, गुळगुळीत, चिनीमातीच्या मुखावर मात्र अखंड शांती नांदत असते. पाणी बुडाशी असलेल्या झडपेखालून झिरपते, भांड्याच्या मागच्या उतारावरून डोळ्याला जेमतेम दिसेल अशा पातळ पापुद्र्याने ओघळते, खालच्या पाण्यात मिसळते आणि दृष्टीआड होते. थेंब पडत नाही, सबब आवाज होत नाही; आवाज होत नाही, सबब तक्रार रुजू होत नाही; आणि तक्रार रुजू नसली म्हणजे आपल्या देशात कोणतीही गोष्ट बिघडली आहे असे मानण्याची वहिवाट नाही.

पूर्वी असे नव्हते. मुंबईच्या जुन्या इमारतींत किंवा रेल्वेच्या क्वार्टरांत ज्यांचे बालपण गेले, त्यांना डोक्यावर उंच, भिंतीत ठोकलेल्या दोन लोखंडी ब्रॅकेटांवर विराजमान झालेली बिडाची टाकी आणि तिच्यापासून लोंबणारी साखळी आठवत असेल. त्या टाकीच्या पोटात बिडाचीच एक जड घंटा उपडी बसवलेली असे. साखळी ओढली की ती वर उचलली जाई, साखळी सोडली की आपल्या भाराने खाली आदळे, आणि आदळताना आपल्या पोटातले पाणी मधल्या उभ्या नळीच्या तोंडावरून पलीकडे लोटून देई. एकदा ओघ सुरू झाला म्हणजे सायफनच्या नियमाने टाकी तळापर्यंत रिती झाल्याखेरीज तो थांबत नसे. या सर्व घडामोडींचा निनाद इतका प्रचंड असे, की कोण, केव्हा आणि कितव्यांदा जाऊन आला याचा हजेरीपट शेजाऱ्यापाजाऱ्यांना न मागता मिळत असे, आणि नव्या सुनेला तर पहिले काही आठवडे ती साखळी ओढण्याचाच संकोच वाटे. परंतु त्या यंत्रात झडप नव्हती आणि रबरही नव्हते. बाहेर जाणाऱ्या नळीचे तोंड पाण्याच्या पातळीहून उंच असल्यामुळे, साखळी ओढल्यावाचून पाण्याला खाली उतरण्याची वाटच उपलब्ध नव्हती. क्वचित वरचा बॉलकॉक बिघडलाच, तर जादा पाणी भिंतीबाहेर काढलेल्या नळीतून थेट खालच्या बोळात पडे, आणि बोळातून जाणाऱ्या सद्गृहस्थाच्या मुखातून निघालेल्या उद्गारांवरून घरमालकास बिघाडाची खबर तत्काळ पोचे.

या विषयाचा इतिहास पाहू गेल्यास असे आढळते, की हे यंत्र घडवण्याच्या कामी पाश्चात्त्यांनी आपली सर्वांत नाजूक बोटांची माणसे खर्ची घातली. आधुनिक फ्लशच्या संडासाचे पहिले पेटंट १७७५ साली लंडनच्या अलेक्झांडर कमिंग यांनी घेतले, ते व्यवसायाने घड्याळजी होते. भांड्याखालच्या नळीला वाकण देऊन त्यात पाणी अडकवून ठेवायचे आणि त्या पाण्याकरवी दुर्गंधीस मज्जाव करायचा, ही त्यांची युक्ती आजतागायत जगभर बहाल आहे. तीन वर्षांनी, १७७८ साली, त्यांच्या सरकत्या झडपेच्या जागी बिजागरीची झडप बसवून जोसेफ ब्रामा यांनी आपले पेटंट घेतले. हे ब्रामा कुलपांविषयी प्रसिद्ध. त्यांच्या पिकॅडिलीतल्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप मांडलेले होते आणि ते युक्तीने उघडून दाखवणाऱ्यास २०० गिनी इनाम जाहीर केलेले होते. ते इनाम कोणालाही मिळेना. अखेर १८५१ साली, लंडनच्या महाप्रदर्शनाच्या निमित्ताने आलेल्या हॉब्ज नामक अमेरिकन कुलूपतज्ज्ञाने ते उघडले, पण त्यालाही पन्नासांवर तास खर्चावे लागले. योगायोग असा, की त्याच प्रदर्शनात जॉर्ज जेनिंग्ज यांनी लोकांसाठी फ्लशचे संडास मांडून दरडोई एक पेनी आकार ठेवला होता, आणि तिथे आठ लाखांहून अधिक पेन्या जमा झाल्या. अर्धशतकाहून अधिक काळ कोणाला न उघडलेले कुलूप ज्या गृहस्थाने केले, त्याच गृहस्थाने पाण्याच्या झडपेचाही बंदोबस्त मांडला होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कारण कुलूप पुढे उघडले ते हॉब्जने, झडप मात्र आजही स्वतःच उघडते.

इंग्रजांना हे मर्म लवकर उमगले. झडप म्हटली की ती आज ना उद्या गळणारच, असा त्यांच्या पाणीपुरवठा खात्यांचा इतका पक्का ग्रह झाला, की झडपेच्या टाक्यांना त्या देशात कायद्याने बंदी राहिली आणि टाकी म्हणजे झडपविरहित सायफनचीच टाकी, अशी पिढ्यानपिढ्यांची वहिवाट पडली. थॉमस क्रॅपर यांच्या कारखान्याच्या जाहिरातींत आपली टाकी झडपविरहित असल्याचा उल्लेख मोठ्या दिमाखाने केलेला असे. पुढे काळ बदलला, १९९९ च्या नियमांनी ही बंदी उठवली आणि १ जानेवारी २००१ पासून ६ लिटरांच्या टाकीबरोबर झडपही त्या राज्यात कायदेशीर झाली. आणि आज तिथल्या पाणी कंपन्या आपल्या ग्राहकांना 'आपला संडास गळत तर नाही ना?' अशी पत्रके पाठवत असतात. पणजोबांनी ज्याला उंबरठ्याबाहेर ठेवले त्याला पणतूने पाट मांडून आत बसवले, की असेच व्हायचे.

आपल्याकडे तर या नव्या टाकीला कोणी अडवण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. ती आली तीच दोन बटणे लेवून आली. धाकटे बटण ३ लिटरांचे आणि थोरले ६ लिटरांचे, असा त्यांचा श्रमविभाग ठरलेला आहे. पाहुणे मात्र सावधगिरी म्हणून दोन्ही एकदम दाबतात. झाकण उचलून आत पाहिले तर एका कडेला पाणी घेणारा उभा नळ व त्याचा तरंगता गोळा, आणि मधोमध प्लॅस्टिकचा एक मनोरा दिसतो. हा मनोरा म्हणजेच झडप. त्याच्या पायथ्याशी बांगडीएवढे एक रबरी कडे बसवलेले असते आणि या संपूर्ण संस्थानाचा कारभार त्या एका कड्याच्या इमानावर चालतो. बटण दाबले की मनोरा कड्यासकट वर उचलला जातो, पाणी धाडकन खाली उतरते, मनोरा पुन्हा स्थानापन्न होतो. आणि मग गंमत अशी की वरून भरत जाणारे पाणीच आपल्या वजनाने त्या कड्याला बुडाशी घट्ट दाबून धरते. कैद्याने तुरुंगाचे दार आतून स्वतःच ओढून धरावे, तसला हा प्रकार आहे, आणि तो जोवर चालतो तोवर मोठा लोभस वाटतो.

तो चालेनासा होतो, याला कारणे अनेक आहेत. नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनमध्ये अहोरात्र बुडून राहिल्याने रबराचा मूळचा मऊपणा जातो, ते ताठर होते, त्याला बारीक भेगा पडतात. उन्हाळ्यात बोअरचे पाणी सुरू झाले की त्यातला क्षार झडपेच्या बैठकीवर पांढऱ्या पुटाच्या रूपाने बसतो, टँकरच्या पाण्याबरोबर आलेला वाळूचा एखादाच कण नेमका रबर आणि बैठक यांच्या मध्ये ठाण मांडतो, आणि त्या एका कणाच्या पाठिंब्यावर पाण्याला राजरोस वाट मिळते. स्वच्छतेच्या अतिरिक्त हौसेने टाकीत सोडल्या जाणाऱ्या सुवासिक वड्यांचाही यात हात असतो. बाहेरून पाहणाऱ्यास त्या टाकी धुताहेत असे वाटते, आत त्या रबराला धुपवत असतात. एकंदरीत ज्या कड्याच्या कामाचे स्वरूप केवळ आपल्या जागी बसून राहणे एवढेच आहे, त्या कड्यालाही बसून राहणे काही वर्षांपलीकडे साधत नाही. याबाबतीत ते कित्येक जिवंत अधिकाऱ्यांच्या मागे पडते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. भुयारी गटारांची सोय असलेल्या शहरात दरमाणशी दररोज १३५ लिटर पाणी असावे, असे प्रमाण आपल्या सरकारने ठरवून दिलेले आहे. इकडे झिजलेल्या रबराखालून मिनिटाला १०० मिलिलिटर, म्हणजे चहाच्या लहानशा कपाइतके पाणी झिरपते असे धरू. दिवसाची १४४० मिनिटे होतात, तेव्हा अहोरात्रीचा हिशेब १४४ लिटर भरतो. याचा अर्थ असा, की ज्या घरात अशी टाकी आहे त्या घरात एक अधिकचा इसम राहतो, आणि तो सरकारमान्य प्रमाणाहून ९ लिटर जास्तच खर्च करतो. या इसमाचे नाव शिधापत्रिकेवर नाही, मतदारयादीत नाही, सोसायटीच्या सभासदांच्या नोंदवहीतही नाही. तो आंघोळ करताना कोणास दिसलेला नाही, त्याने कधी कपडे धुतलेले नाहीत. तथापि आपल्या वाट्याचे पाणी तो सणवार, सुतक, संप यांपैकी कशाचीही सुटी न घेता उचलत असतो. गावाकडून आलेला पाहुणा कितीही चिवट असला तरी त्याच्या खिशात परतीचे तिकीट असण्याचा संभव असतो. या इसमाच्या बाबतीत तीही आशा नाही. आणि पुण्यातल्या आमच्या इमारतीप्रमाणे जिथे पाण्याचा मीटर सर्वांत मिळून एकच आहे आणि टँकरचा खर्च सर्व सदनिकांवर समप्रमाणात बसवला जातो, तिथे त्याचा पोषणखर्चही सर्व सभासद गुण्यागोविंदाने आणि अजाणतेपणी वाटून घेतात. असा एक इसम साधारण ७० दिवसांत १०,००० लिटरांचा एक सबंध टँकर फस्त करतो. इमारतीत असे किती इसम वस्तीस असावेत याची शिरगणती कोणी केलेली नव्हती.

आमच्या घरातल्या इसमाची पहिली चाहूल आमच्या मातुःश्रींना लागली. वयाच्या ऐंशीच्या पुढे त्यांची श्रवणशक्ती मंदावली असली तरी पाण्याच्या बाबतीत त्यांना श्रवणाची गरज पडत नाही. विहिरीतून पोहऱ्याने पाणी शेंदून संसार केलेल्या पिढीला पाणी वाया जात असल्याचा बोध बहुधा कातडीतून होत असावा. "अरे, त्या टाकीत कोणी न जाता पाणी भरल्याचा आवाज येतो, पाहा बरं," असे त्या म्हणाल्या. आणि ते खरेच होते. गळून गळून पातळी पुरेशी खाली गेली की तरंगता गोळा उतरे, वरचा नळ उघडे, आणि कोणी आत नसताना टाकी क्षणभर स्स्स् करून पुन्हा गप्प होई. निर्मनुष्य खोलीतून येणारा हा सुस्कारा ऐकून आमच्या धाकट्या नातवाने तिथे भूत असल्याचे जाहीर केले होते, आणि त्याच्या त्या जबानीकडे कोणी गांभीर्याने पाहिले नव्हते.

शंका आली तरी तिचा निकाल लावण्यासाठी पुरावा पाहिजे, आणि गळतीचा पुरावा मिळवण्याची सर्वमान्य रीत अशी आहे की टाकीच्या पाण्यात रंग टाकावा, पंधरावीस मिनिटे फ्लशला हात लावू नये, आणि मग भांड्यात डोकावून पाहावे; रंग खाली उतरला असेल तर रबर फितूर आहे. रीत अत्यंत सुलभ आहे. तिच्यात अडचण एकच, ती म्हणजे मराठी घरात अशा कामासाठी रंग कोणता वापरावा. आमच्या मेहुण्यांनी उत्साहाच्या भरात देवघराशेजारच्या फळीवरून कुंकवाची डबी उचलली, तेव्हा आमच्या कुटुंबाने ती त्यांच्या हातून जवळजवळ हिसकावून घेतली आणि "त्या जागेत कुंकू? अरे, काही विधिनिषेध आहे की नाही तुला?" असा सवाल केला. हळद याच कारणास्तव बाद झाली. गुलाल गणपती-पांडुरंगाचा, अष्टगंध तर बोलायलाच नको. जिलबीचा केशरी रंग स्वयंपाकघराचा असल्यामुळे त्याला सोवळ्याची हरकत आली नाही, पण तो परत डब्यात गेल्यावर जिलबी खाववेल का, असा प्रश्न उपस्थित झाला आणि तो निरुत्तर करणारा होता. पंचगंगेच्या काठी बसून शास्त्री-पंडितांनी रंगांच्या अधिकारभेदाचा जितका खल केला नसेल, तितका त्या दिवशी आमच्या न्हाणीघराच्या दारात झाला. शेवटी मातुःश्रींनीच तोड काढली. त्यांनी आपल्या पांढऱ्या पातळांसाठी जपून ठेवलेली नीळ पुढे केली आणि निकाल दिला, "निळीला देव नाही, वार नाही. टाका खुशाल."

नीळ टाकली. घरातल्या सर्व माणसांनी, ज्यांना एरवी त्या खोलीचा उल्लेखही 'तिकडे' या एका अव्ययाने करण्याची सवय आहे, त्यांनी तिच्या दाराशी उभे राहून ग्रहण सुटण्याची वाट पाहावी तितक्या उत्कंठेने वाट पाहिली. विसाव्या मिनिटाच्या आतच भांड्यातले पाणी निळे झाले, आणि आपले भाकीत खरे ठरल्याच्या आनंदात कोणाला काही काळ हानीचे भान राहिले नाही.

तथापि पुण्यात पुरावा मिळाला म्हणून निदान पक्के झाले असे होत नाही. तिसऱ्या मजल्यावर पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. पाण्याचा विषय कोणत्याही निमित्ताने निघाला की ते १२ जुलै १९६१ पासून, म्हणजे पानशेतचे धरण फुटले त्या दिवसापासून सुरुवात करतात, आणि खडकवासल्याच्या भिंतीवरून खाली उतरून प्रस्तुत विषयापर्यंत येण्यास त्यांना बराच अवधी लागतो. त्यांचे म्हणणे असे, की दोष झडपेचा नसून पातळीचा असू शकतो. टाकीत एक उभी, वरून उघडी नळी असते. जादा भरलेले पाणी तिच्यातून भांड्यात उतरते. तरंगता गोळा वाजवीपेक्षा वर बसवला असेल तर पाणी त्या नळीच्या तोंडावरून सदोदित वाहत राहील आणि रंगही खाली दिसेल. मग रबर निर्दोष असून त्याची उगाच बदली होईल. आक्षेप शास्त्रशुद्ध होता, त्यामुळे त्याची चौकशी करणे भाग पडले. त्यांनी टाकीचा अँगल कॉक बंद करवला, आतल्या भिंतीवर पाण्याच्या पातळीशी पेन्सिलीची बारीक रेघ ओढली, तारीखवार वेळ टिपून घेतली, आणि धरणाच्या मोजपट्टीची नोंद घेण्यासाठी जशी माणसे नेमतात तशी आमची नेमणूक करून ते चहाला बसले. वरून आवक बंद असताना पातळी उतरली तर गळती बुडाशी आहे, हा त्यातला न्याय. पातळी उतरली, चांगली चार बोटे उतरली. अभियंत्यांनी अत्यंत समाधानाने मान हलवली आणि "आता संशयाला जागा नाही" असे सांगितले. मातुःश्रींना ती निळीनंतरच राहिली नव्हती, हे त्यांनी सुपारी कातरता कातरता ऐकवले.

पुढे रबर मिळवण्याचा प्रश्न. ज्याला पुण्यात खिळा, साखळी, कडी, कोयंडा, नळ, तोटी यांपैकी काहीही हवे असते तो रविवार पेठेतल्या बोहरी आळीत जातो, आणि तिथे गेला की आपल्याला नेमके काय हवे होते याविषयी साशंक होतो. दुकानांची तोंडे अरुंद, पोटे खोल. आतल्या अंधारात पत्र्याच्या डब्यांच्या उतरंडी, आणि बाहेर टांगलेल्या नळ्यांच्या वेटोळ्यांखालून वाकून गेल्याखेरीज मालकाचे दर्शन नाही. आम्ही मागणी सांगितली. मालकाने हिशेबाच्या वहीतून डोके न काढता विचारले,

"नमुना आणलाय?"

नमुना टाकीत होता, आणि टाकी घरात. आम्ही कंपनीचे नाव सांगितले, टाकीचा आकार हातवाऱ्यांनी दाखवला. यावर मालकाने चष्मा कपाळावर चढवला. त्याच्या बोलण्यावरून असे कळले की एकाच कंपनीच्या टाकीतही साल बदलले की रबराचा घेर बदलतो. दोन इंची, अडीच इंची, तीन इंची अशी त्यांची घराणी आहेत, त्यांत पुन्हा जाड आणि पातळ असे पोटभेद आहेत, आणि एका घराण्याचे रबर दुसऱ्या घराण्यात नांदत नाही. बऱ्याच कंपन्या सुटे रबर विकतच नाहीत, तेव्हा गिऱ्हाइकाने सबंध सायफन घ्यावा हे श्रेयस्कर. इथे सायफन म्हणजे तो प्लॅस्टिकचा मनोरा. वस्तुतः त्यात सायफन औषधालाही नाही, परंतु बिडाच्या टाकीबरोबर जे नाव रूढ झाले ते टाकी गेल्यावरही गादीवर कायम आहे. बांगडीएवढ्या रबरासाठी अख्खा मनोरा विकत घेण्याची आमची तयारी दिसेना, तेव्हा मालकाने पोऱ्याला हाक मारली आणि माळ्यावरून बिस्किटांचा एक जुना डबा खाली आला. त्यात नानाविध घेरांची, नानाविध वयांची काळी कडी एकमेकांत गुंतून पडलेली होती. "नमुना घेऊन या, यातलं काही ना काही बसेल," असे आश्वासन घेऊन आम्ही परतलो. नमुना हवा तर टाकी उघडणे आले, टाकी उघडायची तर कारागीर पाहिजे, आणि कारागीर आला की पहिला प्रश्न विचारतो, "काका, रबर आणून ठेवलंय का?" या चक्रात कित्येक कुटुंबे वर्षानुवर्षे अडकून पडलेली असून त्या अवधीत त्यांच्या घरचा अधिकचा इसम सुखाने नांदतो आहे.

आमच्याकडे आलेला कारागीर ओडिशातल्या केंद्रापाड्याचा होता. हिंदुस्थानातल्या मोठ्या शहरांत नळकाम करणारी पुष्कळ माणसे या एका जिल्ह्यातून येतात, आणि तिथे पट्टामुंडाई येथे हे काम शिकवणारी सरकारी संस्थाही आहे. वयाने पंचविशीचा तो मुलगा तीन भाषांच्या मिश्रणातून मोजके बोलत होता. त्याने झाकण उचलले, आत एकदाच पाहिले आणि "काका, वायसर गेला," एवढा निकाल देऊन तो कामाला लागला. नीळ, पेन्सिलीची रेघ, पानशेत, यांपैकी कशाचीही त्याला गरज भासली नाही. अभियंते साक्षीला हजर होते, त्यांना हे थोडे लागले.

पुढचे काम डोळ्यांसमोर झाले आणि ते पाहताना असे वाटले की एवढ्याचसाठी आपण घर डोक्यावर घेतले होते काय. त्याने अँगल कॉक बंद केला, थोरले बटण दाबून टाकी रिती केली, बटणाची चकती फिरवून काढली, आणि मनोऱ्याला दोन्ही हातांनी धरून पाव फेरा डावीकडे दिला. मनोरा मुकाट्याने हातात आला. त्याच्या पायथ्याचे कडे काढून त्याने आमच्या तळहातावर ठेवले. एका बाजूने ते चपटे, लकाकणारे झाले होते, कडेला बारीक भेगा होत्या, आणि चोळले तर बोटांना काळे लागत होते. मग त्याने टाकीच्या बुडातल्या बैठकीवरून तर्जनी गोल फिरवली, एका जागी ती थांबवली, आणि आम्हांलाही तिथे बोट लावून पाहण्यास सांगितले. क्षाराचा एक खरखरीत पट्टा हाताला लागला. "हे साफ नाही केलं तर नवा वायसरपण गळणार," असे सांगून त्याने लिंबाची फोड मागितली. लिंबू घरात होते, पण ते उपवासाच्या सांडग्यांसाठी राखलेले होते. मातुःश्रींनी ते विनातक्रार दिले, आणि त्यावरून त्या कारागिराविषयी त्यांचे मत काय झाले हे आम्ही ताडले. फोड घासून पुट निघाले, ओल्या फडक्याने बैठक पुसली, तळाशी साचलेली वाळू चिमटीने वेचली गेली. रबर आणीपर्यंतची तजवीज म्हणून त्याने जुनेच कडे उलट्या अंगाने बसवून दिले. त्याची दुसरी बाजू अजून कोवळी होती. बोहरी आळीतून नमुन्याबरहुकूम कडे आले तेव्हा आमच्या मेहुण्यांनी ते सहज बसावे म्हणून त्यावर व्हॅसलिन चोपडण्याची सूचना केली, ती कारागिराने घाईघाईने हाणून पाडली. पेट्रोलियमच्या तेलाने पुष्कळ जातींचे रबर फुगते, मऊ पडते आणि पुन्हा तीच गत होते. "पाणी लावा, भावोजी," असे मग मेहुण्यांनी आम्हांलाच सुनावले, जणू ती सूचना आमची होती.

आमच्या घरचा इसम असा बेदखल झाला. ही वार्ता अभियंत्यांच्या तोंडून सोसायटीत पसरली आणि पुढच्या सर्वसाधारण सभेच्या कामकाजात, टँकरखर्चाच्या विषयाखाली, तिची रीतसर दखल घेण्यात आली. इमारतीतल्या सर्व टाक्यांची निळीने तपासणी करावी असा ठराव अभियंत्यांनी मांडला. त्यावर जी चर्चा झाली तिचे इतिवृत्त लिहिण्याचे काम आमच्याकडे असल्यामुळे ती आमच्या चांगली स्मरणात आहे. ज्यांच्या टाक्या गळत नाहीत त्यांना मागील टँकरखर्चातून सूट द्यावी, असे दोघा सभासदांनी सुचवले; कोणाची टाकी केव्हापासून गळते हे ठरवण्याचे साधन नसल्याने ते फेटाळले गेले. एका सभासदाने संडास ही सदनिकेतील खाजगी बाब असल्याने तीत डोकावण्याचा संस्थेस अधिकार नाही, असा मूलभूत हक्काचा मुद्दा उपस्थित केला. पहिल्या मजल्यावरचे एक ज्येष्ठ सभासद तर उठून उभे राहिले आणि त्यांनी शांतपणे असे निवेदन केले, की आपली टाकी गेली कित्येक वर्षे गळत असून हे आपणास ठाऊक आहे; परंतु त्या सततच्या प्रवाहामुळेच इमारतीची मागची ड्रेनेजलाइन आजवर एकदाही तुंबलेली नाही, तेव्हा संस्थेने आपले आभार मानले नाहीत तरी निदान आपल्याला दोष देऊ नये. या युक्तिवादाने सभेत क्षणभर शांतता पसरली. ड्रेनेजलाइन खरोखरच तुंबलेली नव्हती.

अखेर ठराव बहुमताने संमत झाला, तीन जणांची उपसमिती नेमली गेली आणि संस्थेच्या खर्चाने नीळ खरेदी करण्यास मंजुरी मिळाली. तपासणी यथासांग पार पडून ती कागदपत्रांसह दप्तरदाखल झाली. किती टाक्या निळ्या निघाल्या हे गोपनीय ठेवण्याचे उपसमितीने शपथेवर मान्य केले असल्याने इथे ते नमूद करता येत नाही, एवढेच सांगतो की वायसरांसाठी बोहरी आळीतून तो बिस्किटांचा डबा सबंधच आणावा लागला. वर्षअखेर हिशेबतपासनीस आले. त्यांनी वह्या चाळल्या, पावत्या लावून पाहिल्या, आणि निळीच्या रकमेपुढे लाल शाईने शेरा मारला, की संस्थेकडे धोबीखाना अथवा कपडे धुण्याची कोणतीही सोय असल्याचे दिसून येत नसता सदरहू खर्च कोणत्या सबबीवर केला, त्याचा खुलासा व्हावा. तो खुलासा लिहिण्याची कामगिरी चेअरमनसाहेबांनी आमच्यावर सोपवली आहे, आणि उपसमितीने घेतलेली गोपनीयतेची शपथ न मोडता तो कसा लिहावा याविषयी अभियंत्यांचा सल्ला घेण्यास आम्ही काल गेलो होतो. ते पानशेतपर्यंत आले आहेत.